तांब्याच्या कारखान्यावरची दुनळी

मित्रांनो, माझ्या दस्त्याला सुतळीने पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधला आहे. त्यावर एक आकडा आणि एक तारीख लिहिली आहे. ज्या खोलीत मी पडून आहे तिथे अशा चिठ्ठ्या पुष्कळांना आहेत. एका सायकलीला आहे, एका फुटक्या हेल्मेटला आहे, कुणा बाईच्या एकाच चपलेलाही आहे. आमच्यापैकी प्रत्येकाच्या हातून किंवा डोळ्यांदेखत काहीतरी वाईट घडले, म्हणून आम्हांला इथे कोंडून ठेवले आहे.

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. माझे वय एकतीस वर्षे. एवढ्या आयुष्यात माणसावर मी एकदाच झाडली गेले. ती गोष्ट ऐकायला गोड नाही, तरी शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म सहा माणसांच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या दोन्ही नळ्या एका म्हाताऱ्या कारागिराने घासल्या. घासून झाले की तो मला डोळ्याला लावून खिडकीकडे बघे. नळीच्या आत उजेडाची कडी एकात एक नीट बसलेली दिसली की मान डोलावी, नाहीतर पुन्हा घासायला घेई. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. त्याला त्या कारागिराची सून वीस दिवस तेल चोळत होती.

एकदा तिने विचारले, "मामंजी, ही कुणाकडे जाणार?"

"ज्याच्याकडे परवाना असेल त्याच्याकडे."

"तो माणूस चांगला असेल का?"

म्हाताऱ्याने नळी पुन्हा खिडकीकडे धरली. मग म्हणाला, "परवान्यावर ते लिहीत नाहीत, पोरी."

तो माणूस चांगला होता, मित्रांनो. हे मी आजही म्हणते. मला विकत घेणारे माझे धनी पंधरा वर्षे सैन्यात काढून आले होते. उंच, ताठ, बोलायला कमी. तांब्याच्या तारा बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकावर त्यांना पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. तांबे महाग, चोरांचा त्यावर डोळा, म्हणून कारखान्याला बंदूकवाला माणूस हवा होता. दुकानात त्यांनी मला उचलून पाहिले आणि म्हणाले, "जड आहे हो."

दुकानदार हसून म्हणाला, "चोराला याहून जड वाटेल."

तेव्हापासून सव्वीस वर्षे मी त्यांच्या उजव्या खांद्यावर होते. फाटकाशी एक लहान चौकी होती, त्यात एक स्टूल, एक नोंदवही आणि पाण्याचा माठ. मी नेहमी रिकामी असायचे. काडतुसे धन्यांच्या कमरेच्या पट्ट्यात असत. धोका दिसल्याशिवाय बंदूक भरायची नाही, असा कारखान्याचा नियम होता आणि धनी नियमाचे पक्के होते. सुट्टीच्या दिवशी ते घरी मला उघडून, पुसून तेल लावत बसत. त्यांची बायको दारातून बघे आणि म्हणे, "माझ्या केसांना कधी एवढं तेल लावलं नाहीत."

"तुझे केस गंजत नाहीत," धनी म्हणत. मग दोघेही हसत. त्यांना मूलबाळ नव्हते. घरात दोघेच, आणि तिसरी मी.

एका दुपारी चार माणसे टेम्पो घेऊन मागच्या भिंतीशी आली. तारेची दोन रिळे त्यांनी भिंतीवर चढवलीही होती. धनी धावत गेले, मला उघडून खाडकन मिटवले आणि फक्त एक आरोळी ठोकली. ते चौघे टेम्पो तिथेच टाकून पळाले. माझ्यात एकही काडतूस नव्हते. दुसऱ्या आठवड्यात सूचनाफलकावर धन्यांचा फोटो लागला, खांद्यावर मी. ट्रकवाले येता-जाता त्यांना "काय दुनळीसाहेब!" अशी हाक मारू लागले. तेच नाव पडले. त्या दिवसांत त्या नावात मान होता.

मित्रांनो, माझ्या धन्यांच्या चौकीच्या मागेच तारा ओढण्याची शेड होती. जाड सळई यंत्रातून ओढून केसासारखी तार होते, तेव्हा ती किंचाळते. दिवसभर, वर्षभर, वीस वर्षे ती किंचाळत होती. आत काम करणाऱ्यांना कानात घालायला बोळे मिळत. फाटकावरच्या माणसाला ते द्यावेत असे कुणाच्या डोक्यात आले नाही. धन्यांनीही मागितले नाहीत.

ऐकू येणे एका दिवसात जात नाही. आधी बारीक आवाज जातात. पाखरे गेली. सायकलची घंटी गेली. मग बायकोच्या बोलण्यातले निम्मे शब्द गेले. ती विचारी, "दिवा मालवू का?" आणि हे उत्तर देत, "नको, उद्या बघू." सुरुवातीला ती हसायची. पुढे ती मोठ्याने बोलू लागली, तेव्हा यांना वाटे की ही आपल्यावर खेकसते. शेजारणीशी हळू बोलली, तर वाटे की आपल्याविषयीच चालले आहे.

"काय कुजबुजता दोघी?" त्यांनी एकदा विचारले.

"अहो, नळाला पाणी कधी येतं ते विचारत होते."

"मला सांगू नकोस."

त्यांनी भावाकडे जाणे सोडले. उपाहारगृहात सगळ्यांबरोबर जेवणे सोडले आणि डबा चौकीत आणून खाऊ लागले. पण कान गेले हे कुणाला सांगितले नाही. दरवर्षी कारखान्यात तपासणी होई. कंपाउंडर पाठ फिरवून घड्याळ वाजवी आणि विचारी, "येतंय ऐकू?" धनी समोरच्या काचेत त्याचा हात हललेला बघत आणि म्हणत, "येतंय, येतंय." बहिरा पहारेकरी कोण ठेवील? मी खांद्यावरून सगळे बघत होते. माझ्या पट्ट्यातून त्यांच्या छातीची धडधड मला लागत होती.

याच सुमारास माल भरण्याच्या आवारात एक नवा सुपरवायझर आला. तिशीचा, चपळ, हसरा. त्याच्या गळ्यात एक शिट्टी असे. ट्रक भरला की तो शिट्टी वाजवी आणि फाटक उघडायचे. म्हणून सगळे त्याला शिट्टीवाला म्हणत. आता शिट्टीचा आवाज बारीक. धन्यांना तो येत नसे. ट्रक फाटकाशी येऊन उभा, मागे तीन ट्रक अडलेले, आणि माझे धनी शांतपणे रस्त्याकडे बघत बसलेले. मग शिट्टीवाल्याचा फोन वाजे. फोनवर मोठे साहेब इतके ओरडत की तो फोन कानापासून वीतभर लांब धरी. ती ओरड मला चौकीत ऐकू येई. फोन ठेवला की त्याचा चेहरा पडलेला असे आणि तो पडलेला चेहरा झाकायला तो विनोद करी.

त्याने धन्यांची एक नक्कल बसवली होती. कानामागे हात धरून "आं? आं?" करायचा. त्याची आणखी एक लाडकी खोडी होती. धन्यांसमोर उभे राहून तो नुसते ओठ हलवी, आवाज काढतच नसे. धन्यांना वाटे, आता आपल्याला काहीच ऐकू येईनासे झाले. ते घाबरून पुढे वाकत आणि ट्रकवाले पोट धरून हसत. शेवटी तो गालात हसून धन्यांच्या पाठीवर थाप मारी आणि निघून जाई.

तो दुष्ट नव्हता. एका हमालाचे बोट रिळाखाली चेंगरले तेव्हा यानेच त्याला स्वतःच्या मोटारसायकलवर घालून दवाखान्यात नेले होते. त्याला एक लहान मुलगी होती, तिची केसांतली पिन बऱ्याचदा त्याच्या खिशाला अडकवलेली दिसे. त्याला माणसे हसवायला आवडत. हसवताना पायाखाली कोण येतो आहे, हे त्याने वाकून पाहिले नाही, एवढेच.

"दुनळीसाहेब" हे नाव अजून चालू होते. फक्त त्यातला मान गेला होता.

एका दुपारी ती ओठांची खोडी सात-आठ माणसांपुढे झाली. धनी चौकीत आले. त्यांनी मला उघडले. कमरेच्या पट्ट्यातून दोन काडतुसे काढली आणि माझ्यात सरकवली. त्यांची बोटे थंड होती. मित्रांनो, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी कारखान्यात भरली गेले होते आणि आजूबाजूला चोर कुठेच नव्हता. मला मिटवून ते माल भरण्याच्या आवाराकडे चालू लागले.

फाटकापासून वीस पावलांवर ट्रक तोलायचा वजनकाटा होता. तिथल्या काचेच्या खोलीत एक बाई बसत. सगळे त्यांना काटाताई म्हणत. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, पन्नाशीच्या. त्यांनी खिडकीतून धन्यांचा चेहरा पाहिला आणि हाक मारली. धन्यांना ती ऐकू गेली नाही. तेव्हा ताई खुर्ची ढकलून खाली धावल्या आणि सरळ वाटेत येऊन उभ्या राहिल्या. धन्यांच्या दंडाला हात लावून, कानाजवळ येऊन, सावकाश आणि मोठ्याने म्हणाल्या, "दादा, माझा काटा अडकलाय. पाच मिनिटं येता?"

धनी थांबले. "आत्ता नको, ताई."

"आत्ताच या. ट्रक उभा आहे."

ट्रक नव्हता. काटाही अडकला नव्हता. धन्यांनाही ते दिसत होते. तरी ते गेले. कुणी तरी त्यांना कामासाठी बोलावले होते, आणि असे कुणी फार दिवसांत बोलावले नव्हते.

ताईंनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः खोक्यावर बसल्या. मग ताई म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू कमी येतं. मला वर्षभरापासून ठाऊक आहे. माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. तेही सांगत नव्हते."

धन्यांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलू लागले. सैन्यात पंधरा वर्षे काढलेला तो माणूस खोक्यावरच्या बाईसमोर लहान मुलासारखा रडला. ताईंनी "रडू नका" म्हटले नाही. रडणे संपेपर्यंत त्या नुसत्या बसून राहिल्या. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिच्यात काय आहे ते इथं टेबलावर ठेवा."

धन्यांनी दोन्ही काडतुसे टेबलावर ठेवली.

"आणि तो पट्टापण. आजपासून तो माझ्या खणात राहील. चोर आले तर मागून न्या."

त्या दिवशी एक माणूस वाचला, आणि तो वाचला हे त्याला कळलेसुद्धा नाही. तो पलीकडे ट्रक मोजत उभा होता.

पुढच्या सुट्टीला ताई धन्यांच्या घरी आल्या. धन्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, त्यांनी कानांविषयी सांगितले. काडतुसांविषयी मात्र सांगितले नाही. धन्यांची नोकरी जाईल, ही भीती त्यांना होती. तिघे मिळून कानाच्या डॉक्टरांकडे गेले आणि महिन्याभराने धन्यांच्या उजव्या कानात शेंगदाण्याएवढे एक यंत्र बसले.

त्या सकाळी ते मला घेऊन घरून निघाले आणि दहा पावलांवर थबकले. माझा पट्टा हलवून पाहिला. पुन्हा हलवला.

"अगं," ते दारातल्या बायकोला म्हणाले, "ही चालताना एवढी करकरते?"

"पंचवीस वर्षं करकरतेय," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

ते आठ महिने चांगले गेले. धनी पुन्हा सगळ्यांत बसून जेवू लागले. शिट्टी ऐकू येऊ लागली, फाटक वेळेवर उघडू लागले. शिट्टीवाल्याची नक्कलही थोडी मागे पडली. काडतुसांचा पट्टा ताईंच्या खणात होता. धनी रोज जाताना त्या खिडकीशी उभे राहत आणि दोघे दोन-चार वाक्ये बोलत. काय बोलत? कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची मावशी आली आहे. मला वाटायचे, यात बोलण्यासारखे काय आहे? आता कळते की माझ्या धन्यांचे सगळे वजन त्या दोन-चार वाक्यांवर तोललेले होते.

मग कारखान्याने आपोआप तोलणारा नवा काटा बसवला. त्याला माणूस लागत नव्हता. ताईंना दुसऱ्या गावच्या कारखान्यात पाठवण्यात आले. जायच्या दिवशी त्यांनी खणातून पट्टा काढला.

"दादा, हा घरी वहिनींकडे द्या. तुमच्याजवळ ठेवू नका."

"देतो."

"नक्की?"

"देतो म्हटलं ना, ताई."

ताईंची बस सुटायची होती. त्या गेल्या. धन्यांनी पट्टा हातात धरून थोडा वेळ पाहिला आणि कमरेला बांधला. त्यांच्या मनात तेव्हा काही वाईट नव्हते, हे मी सांगू शकते. सव्वीस वर्षांची सवय होती. पण त्या क्षणी त्यांना थांबवायला दुसरे कुणी नव्हते, कारण ते गुपित एकट्या ताईंनाच माहीत होते.

यानंतर दोन महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, आवारात सगळे बसले होते. शिट्टीवाला आला. साहेबांची बोलणी खाऊन आला होता, हे चेहऱ्यावर दिसत होते. धन्यांपुढे वाकून म्हणाला, "काय दुनळीसाहेब, कानात रेडिओ? बातम्या काय म्हणतात?" आणि गमतीत त्याने ते यंत्र चिमटीत धरून ओढले. ते निसटले. जमिनीवर पडले. तेवढ्यात तांब्याचे रीळ लादलेली हातगाडी तिथून चालली होती. तिचे चाक त्यावरून गेले.

कुडूम असा आवाज झाला. दोघे-तिघे हसले आणि लगेच गप्प झाले.

शिट्टीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने तोंड उघडले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने धन्यांना हाताने "थांबा, आलोच" अशी खूण केली आणि फोनवर "हो साहेब, हो साहेब" करत तो शेडकडे गेला. त्या दिवशी तो परत आला नाही. धन्यांनी गुडघ्यावर बसून ते तुकडे रुमालात गोळा केले. कुणी उठून मदत केली नाही. सगळे आपापल्या डब्यात बघत होते. त्या सगळ्यांना वाईट वाटले होते, मित्रांनो. पण वाईट वाटलेले कुणाच्या हातापर्यंत पोहोचले नाही.

घरी बायकोने विचारले, "यंत्र कुठंय?"

"हरवलं."

"हरवेल कसं? कानातलं?"

ते भिंतीकडे तोंड करून निजले. ती दोन दिवस कानाशी ओरडून विचारत राहिली. हे बोलले नाहीत, नीट जेवले नाहीत. तिने ठरवले की ताईंना फोन करायचा. पण ताई कामावर असतील, त्यांना कशाला त्रास, रविवारी निवांत करू, असे तिला वाटले. तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळी धनी चौकीत आले. ऊन छान पडले होते. त्यांनी नोंदवहीत तारीख लिहिली. मग मला मांडीवर घेतले, उघडले आणि दोन्ही काडतुसे भरली. ते मला घेऊन कुठे गेले नाहीत. स्टुलावर बसून राहिले. त्यांनी मनाशी पक्के काय ठरवले होते ते मला माहीत नाही. कदाचित काहीच ठरवले नसेल. पण माझ्यात काडतुसे होती आणि त्यांचे बोट चापाजवळ होते. असे असले की ठरवायला फार वेळ लागत नाही.

नऊच्या सुमारास शिट्टीवाला फाटकाकडे येताना दिसला. एकटाच होता. गळ्यात शिट्टी नव्हती. चौकीच्या दारात तो उभा राहिला, नजर जमिनीवर, हात खिशात. आणि बोलू लागला. शरमलेला माणूस बोलतो तसे, अगदी हळू.

"दादा, चुकलं माझं. मी असं करायला नको होतं. काल दुकानात जाऊन विचारून आलो, तसंच यंत्र मिळतं. रविवारी आपण दोघं जाऊ. बायकोला घरी सांगितलं तर ती धड बोलत नाहीये माझ्याशी. म्हणाली, आधी त्यांची माफी मागून या."

शेवटचे वाक्य बोलताना तो ओशाळून हसला.

मी ते सगळे ऐकले. शब्द न् शब्द ऐकला. धन्यांना काहीच ऐकू आले नाही. त्यांना एवढेच दिसले की तो समोर उभा आहे, त्याचे ओठ हलताहेत, आवाज येत नाही आणि शेवटी तो हसतो आहे.

त्यांनी चाप ओढला.

तो आवाज मात्र त्यांना ऐकू आला.

मी हातातून गळून पडले. धनी तिथेच फरशीवर बसले, पळाले नाहीत. माणसे धावत आली तेव्हा ते म्हणत होते, "पुन्हा चिडवत होता. पुन्हा चिडवत होता." शिट्टीवाला दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच गेला.

खटला चालला तेव्हा मला कपड्यात गुंडाळून नेत आणि टेबलावर ठेवत. ताई साक्षीला आल्या. त्या दुपारची सगळी हकीकत त्यांनी स्वतःहून सांगितली. न्यायाधीशांनी विचारले, "हे तुम्ही तेव्हाच कुणाला का सांगितलं नाही?"

"त्यांची नोकरी जाईल म्हणून," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, मी आहे ना. मी सांभाळीन. एकटीनं सांभाळायची गोष्ट नव्हती ती, साहेब."

मग वकिलांनी धन्यांना विचारले की मारण्यापूर्वी तो काय बोलला. प्रश्न त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून दाखवावा लागला. धनी म्हणाले, "काही नाही. नुसतं तोंड हलवत होता."

तेव्हा मागच्या बाकावरून एक बाई उठली. शिट्टीवाल्याची बायको. तिच्या मांडीवर मुलगी झोपली होती, तिला खांद्यावर घेऊन ती उभी राहिली. "ते माफी मागायला गेले होते," ती म्हणाली. "मीच पाठवलं होतं त्यांना."

सगळ्यांच्या माना धन्यांकडे वळल्या. धनी इकडेतिकडे बघू लागले. "काय म्हणतात त्या?" त्यांनी विचारले. "काय म्हणतात त्या? सांगा ना कुणीतरी."

शेवटी कारकुनाने ते वाक्य कागदावर लिहिले आणि त्यांच्यापुढे धरले. धन्यांनी ते वाचले. पुन्हा वाचले. मग त्यांनी तो कागद घडी घालून मागितला, पण कागद कोर्टाचा होता, तो त्यांना मिळाला नाही. त्यांना जन्मठेप झाली. शिक्षा ऐकवली तेव्हा ती काय आहे हे त्यांनी कुणाला विचारले नाही.

बाहेर व्हरांड्यात वहिनी एकट्याच एका बाकावर बसल्या होत्या. लोक त्यांच्याकडे बघून बाजूने जात होते. हवालदार मला घेऊन चालला होता म्हणून मला दिसले की ताई जाऊन त्यांच्याशेजारी बसल्या. थोड्या वेळाने शिट्टीवाल्याची बायको तिथून निघाली. क्षणभर थांबली. तिची मुलगी पाणी मागत होती. वहिनींनी पिशवीतली बाटली पुढे केली, आणि तिने ती घेतली.

मित्रांनो, इथे पडल्या पडल्या पाच वर्षे मी एकाच गोष्टीचा विचार करते. दोष कुणाचा? चाप धन्यांनी ओढला, तो दोष त्यांचा, आणि तो कुठल्याही अपमानाने पुसला जात नाही. हसणाऱ्या माणसाला मरणाची शिक्षा असू शकत नाही. पण माझे काय? त्या सकाळी त्यांच्या हातात माझ्याऐवजी साधी काठी असती, तर शिट्टीवाल्याचा ओठ सुजला असता. धन्यांना महिनाभर घरी बसवले असते. त्या महिन्यात कुणीतरी ती माफी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितली असती, आणि चिडलेला माणूस निवला असता. माझ्यामुळे निवायला वेळच मिळाला नाही. माणसाचा राग तासाभराने उतरतो. मी तेवढा तास देत नाही.

बाकीच्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हांला म्हणतात की आम्हांला जपा. मी तसे म्हणणार नाही. माझ्यासारखी कुणी तुमच्या घरात असली तर तिला कुलपात ठेवा, गोळ्या दुसऱ्या कुलपात ठेवा, आणि घरातले कुणी गप्प गप्प झाले असेल तर ती घरातून बाहेरच काढा. जपायचे असेल तर स्टुलावर एकट्याने डबा खाणाऱ्या माणसाला जपा. त्याला कामाला बोलवा, खोटे काम असले तरी चालेल. त्याच्या मनात काही भयंकर आहे असे कळले तर ते गुपित एकट्याने सांभाळत बसू नका, मोठ्यांना सांगा. तो रागावला तरी सांगा. आणि तुमच्या हातून कुणाची थट्टा जास्त झाली, तर फोन वाजू द्या. त्याच दिवशी जा. त्याच्या खांद्यावर हात ठेवा, आणि त्याला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने बोला.

त्या गुरुवारनंतर रविवार आलाच, मित्रांनो. ते कानाच्या यंत्रांचे दुकान नेहमीप्रमाणे सकाळी उघडलेही असेल.